शेवटचं घुबड

मीरिमनं सासूच्या पुढ्यातली ताटली अर्धी फिरवली, आणि बुरुलला मटण दिसलं.

क्षणापूर्वी ते नव्हतं. ताटलीत थोडासा भात होता, गाजराच्या चार काड्या होत्या, आणि तेवढं तिनं संपवलं होतं. मग चमचा खाली ठेवून, कित्येक दिवस मनात घोळत होतं ते तिनं बोलून टाकलं होतं. "तिलेक, तुझ्या बायकोला सांग, आजारी माणसालाही भूक असते. मी अख्ख्या लग्नघरांना पुलाव करून घातलाय. पातेल्यात किती मटण पडतं नि माझ्या वाट्याला किती येतं, एवढं कळतं मला अजून." तिलेकचा घास तोंडातच राहिला होता. मीरिम चहा ओतत होती. तिनं किटली खाली ठेवली, टेबलावरून वाकली आणि ताटली फिरवली. आता तिथं भाताचा अर्धा डोंगर उभा होता. बरगडीचा मोठा तुकडा, लसणाचा अख्खा गड्डा, पिवळी गाजरं, चणे. मटणावरची चरबी थिजून पांढरी झाली होती. बुरुल त्या पांढऱ्या चरबीकडे बघत राहिली. सुनेनं हातचलाखी केली असती तर चरबी थिजली नसती. म्हणजे ते मघापासून तिथंच होतं, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. आणि कालही असणार, परवाही. "गरम करून देते," मीरिम म्हणाली. बस्स. 'बघा' नाही, 'कळलं का' नाही. तिनं टोमणा मारला असता तर बुरुलला उत्तर देता आलं असतं. सून टोमणा मारत नाही तेव्हा सासूनं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मेंदूचा झटका आला तो पानगळीत, हिवाळ्यासाठी टोमॅटो बरण्यांत भरताना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, आईला किंवा कुणाही वडीलधारीला म्हणतात तसं 'आपा' म्हणत, समजावून सांगत होत्या, "आपा, तुमचे डोळे चांगले आहेत. मेंदू मात्र डावीकडे बघायचं विसरलाय." बुरुलनं मान डोलावली होती, शेजारणीच्या दुखण्याबद्दल ऐकताना डोलवावी तशी. कारण तिच्या लेखी काही कमी झालंच नव्हतं. डावीकडे अंधार असता तर कळलं असतं. भिंत असती तरी कळलं असतं. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही म्हणून कुणी आंधळं होतं का? तसंच. जग जिथं संपत होतं तिथं ते नीट, गुळगुळीत संपत होतं. फक्त लोक विचित्र वागायला लागले होते. दाराची चौकट कुणीतरी सरकवून ठेवी आणि तिचा खांदा आपटे. माणसं हवेतून उपटल्यासारखी एकदम समोर उभी राहत. एकदा ती डोक्याला रुमाल बांधून, कोटाची एकच बाही चढवून जिन्यात आली, तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई तोंडाला हात लावून आत पळाली. आणि मग ते मिनीबसचं झालं. भाजीला म्हणून निघाली, रस्त्यावर पाय टाकला, आणि कर्कश ब्रेक लागून एक पांढरा पत्रा तिच्या कोटाला घासत थांबला. आतला पोरगा ओरडत होता, "आपा, डोळे फुटलेत का?" तीस वर्षं याच शहरात विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस चालवलेल्या बाईला! त्या दिवसापासून तिलेकनं तिला एकटीनं दाराबाहेर जाऊ दिलं नाही. आणि मग हळूच, तिच्याकडे न बघता, त्यानं डोंगरातल्या अत-बाशी गावी, मावशीकडे राहायला जायचा विषय काढला. तिथं गाड्या नाहीत, जिना नाही, मोकळी हवा. वसंतातला नोरूजचा सण झाला की मावशीचा नवरा गाडी घेऊन येईल. बुरुल 'बरं' म्हणाली होती. झटक्यानंतर ती सगळ्यालाच 'बरं' म्हणत होती. आज ताटलीपुढे बसून तिला पहिल्यांदा वाटलं, आपण ज्याला बरं म्हणालो त्यातलंही आपल्याला अर्धंच दिसलं होतं की काय.

त्या दुपारी ती दिवाणावर पडली आणि डोळे मिटून आपल्या जुन्या मार्गावर निघाली. हा तिचा एकटीचा खेळ होता. पूर्वेच्या डेपोतून गाडी काढायची, मोठ्या हमरस्त्यानं शहर कापत पश्चिमेच्या टोकाला जायचं. उजव्या हाताला बेकरी आली, तिचा गरम नानचा वास आला. शाळा आली, कुंपणावर लोंबकळणारी पोरं आली, मग सिनेमाघर, मग ओकच्या झाडांची रांग आणि खाली पाटाचं पाणी. आणि डावीकडे? तिनं मनातच मान वळवून बघितलं. काही नव्हतं. तारा आकाशातून कुठूनशा येत आणि उजवीकडच्या खांबांना बांधलेल्या असत. तीस वर्षांचा रस्ता, आणि त्याला एकच काठ.  मग टोकाला पोचल्यावर सवयीनं तिनं गाडी वळवली, परत निघाली, आणि अहाहा! हरवलेली ती बाजू आता उजवीकडून, एकामागून एक, जशीच्या तशी उगवत आली. घड्याळांचं दुकान, कारंजं, प्रसूतिगृहाच्या खिडक्यांखाली ओरडून बोलणारे बाप. काही गेलं नव्हतं. सगळं होतं, नुसतं वळून यावं लागत होतं. या शोधानं तिला इतका आनंद झाला की ती पडल्या पडल्या हसली. आणि त्याच हसण्यात तिला कुबात आठवला नाही.

आठवला नाही म्हणजे, तिनं आठवायचा प्रयत्न केला आणि तो आला नाही. तिचा नवरा ट्रॉलीबसच्या तारा दुरुस्त करायचा. शिडीच्या गाडीवर उभा राहून, डोकं आभाळात घालून त्यानं जन्म काढला होता. घरी आला की जेवणाच्या टेबलाशी तो नेहमी तिच्या डाव्या हाताला बसे, कारण उजव्या हातानं तिला चहा ओतायचा असे. निजायचाही डावीकडेच. लग्नातल्या फोटोतही डावीकडे. आता तिच्या आठवणीतल्या टेबलावर समोसे होते, चहाचे पेले होते, उजवीकडे लहानगा तिलेक पाय हलवत होता. आणि डावीकडे टेबलच नव्हतं. तिनं मनातल्या मनात उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसायचा प्रयत्न केला. त्या खुर्चीवरून तो दिसला, पण पाहुण्याला दिसावा तसा, समोरून, जरा परका. तिच्या बाजूचा कुबात, ज्याचा नुसता दंड जाणवायचा, ज्याच्याकडे बघावं लागत नसे, तो नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? मेलेला नवरा पुन्हा हरवला?

मीरिमचं आणि तिचं तसं पहिल्यापासून जमलं नव्हतं. पोरगी तलासची, कामाला वाघीण; घरी शिवणयंत्र मांडून दिवसभर कॉलर शिवायची, त्यात स्वैपाक, त्यात झाडलोट. पण लग्नात तिनं माहेरून आणलेल्या रजयांचा ढीग उलगडताना मधल्या दोन रजयांतून एक काळा डबा निघाला होता, वायरी गुंडाळलेला. बायकांना वाटलं, नवऱ्या मुलाला भेट. नंतर कळलं, गेम खेळायचं यंत्र, आणि ते नवऱ्या मुलाचं नव्हे, नवरीचं. शिवण आटोपली की सून टीव्हीसमोर मांडी घालून बसे, हातात तो दोन शिंगांचा कंट्रोलर धरून, आणि बुरुल मुद्दाम चहाला हाक मारी. आता, ताटलीनंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, मीरिम तोच कंट्रोलर घेऊन दिवाणापाशी आली. "आपा, डॉक्टरीणबाईंनी डाव्या हाताचा व्यायाम सांगितलाय ना? तो रबरी चेंडू तुम्ही फेकून दिलात. मग हे धरून बघा."

"मी? लोक हसतील."

"कोण हसणार? दार बंद आहे. मी कॉलरी शिवतेय, माझी पाठ आहे तुमच्याकडे."

"मरायच्या वयात खेळणी देते हातात."

"मरायच्या आधी जरा डावा अंगठा हलवा," मीरिम म्हणाली आणि खरंच पाठ करून बसली.

पडद्यावर एक प्रवासी उभा होता, अंगावर झगा, पाठीवर गाठोडं. डाव्या अंगठ्यानं त्याला चालवायचं, उजव्यानं मान फिरवायची. बुरुलचा डावा अंगठा झोपलेला होता. प्रवासी दोन पावलं जाई आणि बैलासारखा जागच्या जागी फिरत राही. तिनं त्याला शिव्या घातल्या. शिवणयंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. कधीतरी अंगठ्यात मुंग्या आल्या आणि प्रवासी सरळ चालायला लागला. बुरुल त्याला रस्त्यानं घेऊन गेली, वळणावर वळवलं, पुलावरून नेलं, पुन्हा रस्त्यानं. बराच वेळ. "आपा," मागून मीरिम म्हणाली (म्हणजे पाठ नव्हतीच!), "रस्ता सोडलात तरी चालतं." बुरुल थबकली. रस्ता सोडायचा? तीस वर्षांत तिनं रस्ता म्हणजे काय, रस्त्यातली आपली पट्टीसुद्धा सोडली नव्हती. ट्रॉलीबस तारेपासून जरा जास्त बाजूला नेली की वरचे दांडे निसटतात, गाडी मरते, आणि मग थंडीवाऱ्यात उतरून, हातमोजे चढवून, दोर ओढत ते दांडे पुन्हा तारेवर बसवायचे. मागं सगळं शहर भोंगे वाजवत असतं. तिनं घाबरत घाबरत प्रवाशाचा पाय गवतावर टाकला. काही झालं नाही. वाऱ्यानं गवत हललं. तिनं आणखी चार पावलं टाकली, मग धावत सुटली, टेकडी चढली, उतरली, ओढ्यात पडली, बाहेर आली. ओढ्यापलीकडे डोंगराएवढी धुक्याची भिंत उभी होती. "त्याच्यापलीकडे?" "दुसरं खोरं. पण तसं नाही जाता येत. या खोऱ्यात दगडाची घुबडं लपवलीत. सगळी सापडली की धुकं उठतं." तिलेकच्या पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून बुरुलनंच घुबडाची पिसं बांधली होती, घुबडाचं तिला वावडं नव्हतं. "किती आहेत?" तिनं विचारलं, आणि आपण विचारलं याचंच तिला नवल वाटलं.

पहिलं घुबड उजवीकडे होतं, ते सापडलं. विहिरीच्या काठावर, मुठीएवढं, राखाडी. हात लावताच त्यानं पिवळे डोळे उघडले, अंग झाडलं आणि उडून लांबच्या कमानीवर जाऊन बसलं. बुरुल लहान मुलीसारखी ओरडली. त्यानंतर मात्र दिवसेंदिवस काही नाही. मीरिम कॉलरी शिवता शिवता उसासे टाकायची, कारण तिला दिसत होतं की सासू घुबडांच्या शेजारून, त्यांच्या अंगाला घासून जातेय. शेवटी तिनं उठून लोकरीचा लाल धागा टीव्हीच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत चिकटवला. "लाल दिसेपर्यंत बघायचं. लाल दिसलं नाही तर तुम्ही पूर्ण बघितलंच नाही." हे सोपं वाटलं आणि भयंकर होतं. मान वळवायला काही नव्हतं. जिथं जग संपतं तिथून पुढं मान वळवायची म्हणजे कड्याच्या टोकावर उभं राहून आणखी एक पाऊल टाकायचं. कपाळ ठणकायचं. ओकारी यायची. लाल, लाल, लाल, ती स्वतःशी पुटपुटायची, आणि अचानक टीव्ही रुंद व्हायचा, त्यात एक अख्खं झाड उगवायचं, झाडाच्या ढोलीत घुबड. ती त्याला म्हणायची, "इतके दिवस तोंड लपवून बसला होतास होय रे, चोरा." घुबड डोळे उघडून उडायचं. कमानीवर रांग वाढत गेली. पहिलं धुकं उठलं त्या दिवशी मीरिमनं तिला कणकेचे फुगीर बोर्सोक तळून दिले आणि बुरुलनं ताटलीच्या डाव्या कडेचाही बोर्सोक स्वतःहून उचलला.  मीरिमनं तिकडे पाठ करून नाक पुसलं.

दुसरं खोरं बर्फाचं होतं. तिथं बुरुल चलाख झाली. लाल धागा आता तिला घरभर दिसू लागला होता. दाराच्या चौकटीवर, कोटाच्या बाहीवर, जिन्याच्या कठड्यावर, नसलेला धागा ती बघायची आणि त्यापर्यंत पोचायची. डावी सपात सापडू लागली. अंगणातल्या बाकापर्यंत ती मीरिमबरोबर जाऊ लागली, मग मीरिम चार पावलं मागे. शहरावरचा कोळशाचा धूर विरत चालला होता, दक्षिणेचे डोंगर धुतल्यासारखे दिसत होते, आणि बाकावरच्या म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दल बोलत असताना बुरुल मनात हिशेब करी की बर्फातल्या त्या पडक्या घराचं धुरांडं आपण आतून बघितलं का. तिलेकला यातलं काही माहीत नव्हतं. तो टायरच्या दुकानातून काळे हात घेऊन यायचा, जेवायचा, आणि मावशीच्या फोनबद्दल सांगायचा. "तुझ्यासाठी चुलीजवळची खोली रिकामी केलीय, आपा." त्याच्या आवाजात इतकी माया असे की बुरुलला त्याचा रागही येत नसे. त्यानं तिला त्या मिनीबससमोर बघितलं होतं. तिनं स्वतः ते बघितलं नव्हतं. म्हणून भीती सगळी त्याच्याच वाट्याला आली होती.

तिसऱ्या खोऱ्यात एक घुबड कमी पडलं. वाळवंट होतं, मधोमध पडकी सराई, कोरडे हौद, भुईला टेकलेले मिनार. बाकीची सगळी घुबडं येऊन बसली होती, आणि कमानीवर मधोमध, दात पडल्यासारखी एक फट. बुरुलनं मिनार पालथे घातले, हौदांचे तळ बघितले, लाल धाग्यापर्यंत बघितलं, दिवसामागून दिवस बघितलं. नोरूज आठवड्यावर आला. घरोघरी गव्हाचा गोड काढा शिजायला पडणार होता आणि त्यानंतर गाडी येणार होती. तिनं कंट्रोलर दिवाणावर आपटला. "तुला माहीत आहे ते कुठं आहे."

"नाही, आपा."

"खोटं बोलू नकोस. आतून हसतेयस. तुझं अर्धं तोंड तरी मला नीट दिसतं."

"आता तर पूर्ण दिसतं," मीरिम म्हणाली. पण ती हसत नव्हती. तिनं शिवणयंत्रावरचा पाय काढला. "मला खरंच माहीत नाही. मी लग्नाच्या आधीपासून इथंच अडकलेय."

बुरुलनं आपटलेला कंट्रोलर पुन्हा उचलला. "म्हणजे पलीकडचं तूही नाही बघितलंस?"

"नाही."

"मग कुणाला तरी विचार ना. फोनमध्ये सगळं असतं म्हणतात."

"असतं. लोकांनी नकाशे करून ठेवलेत, अमुक ठिकाणी उभं राहा, तमुक ठिकाणी बघा. मी कधी उघडले नाहीत." मीरिम हातातली अर्धी कॉलर उलटसुलट करत होती. "रागावू नका, आपा. इथं आल्यापासून मला सगळं सांगितलेलंच आहे. चहा आधी कुणाला, पेला अर्धाच भरायचा, थोरांसमोरून जायचं नाही. वाईट कुणी सांगितलं नाही. पण सांगितलेलंच. ही एक गोष्ट मला कुणी न सांगता मिळावी असं वाटतं. आणि इथं... इथं मला कुणी चहाला हाक मारत नाही." मग तिच्या लक्षात आलं की हाक मारणारी समोरच बसलीय, आणि ती कानापर्यंत लाल झाली.  तिला वाटलं होतं, सून मटणासारखंच घुबडही तिच्यापासून राखून ठेवतेय; आणि ही पोरगी तर तिच्याइतकीच उपाशी निघाली. बुरुलची सासू मेली तेव्हा बुरुल मनसोक्त रडली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या फेरीला, रिकाम्या गाडीत बसून पेलाभर चहा तिनं काठोकाठ भरून प्यायला होता. हे ती विसरली होती. किंवा तेही डावीकडेच पडून राहिलं होतं. "ये इकडं," ती म्हणाली. "शिवण ठेव. इथं बस. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. नुसती बस."

मग ती पुन्हा सराईत शिरली. या सराईत ती अनेकदा येऊन गेली होती. लांबच लांब काळोखा बोळ होता, आणि बोळाच्या शेवटी उजवीकडून ऊन आत येत होतं. तिथं पोचलं की पाय आपोआप उजवीकडे वळत. पुढं अंगण, अंगणात हौद, शोधाशोध सुरू. शेजारी मीरिमचा श्वास ऐकू येत होता आणि बुरुलला कळलं की तीही मनातून उजवीकडे वळलीय, वर्षानुवर्षं वळत आलीय. डोळे धड असलेलं माणूस उजेडाकडेच वळणार. त्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा असतो. डावीकडे एक नजर टाकली, भिंत दिसली, झालं. बुरुलला भरवसा नव्हता. तिला डावी बाजू एका नजरेत कधी मिळालीच नव्हती. ती रोज, दर पावलाला, हातानं ओढून आणावी लागत होती. म्हणून उजेड आला तिथं ती वळली नाही. थांबली. भिंतीला डावा खांदा लावून उभं राहावं तसं प्रवाशाला उभं केलं. लाल धाग्याकडे जायला मान वळवणार, एवढ्यात काहीतरी झालं. तिनं मान वळवलीच नाही. डोळेही हलवले नाहीत. डाव्या बाहीला कुणीतरी हळूच ओढावं तसं त्या बाजूनं तिला ओढलं, आणि तिथं, पडद्याच्या काठाशी, राखाडी भिंतीत राखाडी फट होती, आणि फटीत दोन टोकदार कान होते. ते आपोआप होते. तिनं न शोधता होते. जग जिथं संपायचं त्या कडेपलीकडे ते शांतपणे बसलेले होते, आणि त्यांच्यामागे टीव्हीची कड होती, लाल धागा होता, खिडकी होती, खिडकीतल्या कुंडीतलं फूल होतं, मीरिमचा गुडघा होता. मीरिम तिच्या डावीकडे बसली होती! बुरुलला ते आत्ता कळलं. तिनंच तिला 'इथं बस' म्हणून डाव्या हातानं दिवाण थोपटून दाखवला होता.

"आपा," मीरिम कुजबुजली, "आपा, ते..."

"बोलायचं नाही म्हटलं ना," बुरुल म्हणाली.  डाव्या अंगठ्यानं तिनं प्रवाशाला फटीकडे नेलं. घाई केली नाही. ते कान तिच्याकडे येत होते, आणि त्यांच्याबरोबर आणखी काही येत होतं, टेबलाची दुसरी बाजू, तिच्यावरचं मेणकापड, त्यावरचे भाजलेले डाग, आणि दंड. तारांच्या ग्रीसचा वास असलेला दंड, कोपरापर्यंत गुंडाळलेली बाही, काळी नखं, पेला धरायची ती पद्धत, खालून, तळव्यावर. कुबात. समोरच्या खुर्चीवरून दिसणारा परका कुबात नव्हे. तिच्या शेजारचा, ज्याच्याकडे बघावं लागत नाही तो. तो काही विशेष बोलत नव्हता. पहिल्या हिवाळ्यात तिला मोठ्या मार्गावर घातलं तेव्हा म्हणाला होता तेच म्हणत होता, तोंडात घास घेऊन, "दांडे निसटले तर रडत बसू नकोस, मी तिथंच कुठंतरी वर असतो." तिनं त्याच्याकडे मान वळवली नाही. गरज नव्हती. तो होता. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं, दोन्ही गालांवरून, आणि डाव्या गालावरचं पाणी गार लागलं.

तिनं घुबडाला हात लावला.

त्यानं डोळे उघडले, अंग झाडलं, सराईच्या छताला भगदाड पाडून वर गेलं, आणि मीरिम ओरडली. ती अशी ओरडली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी, आवाज बंद करा म्हणून, भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळावर ठोकलं. मग बुरुलही ओरडली, वर बघून, नळावर ठोकणाऱ्याला उद्देशून, "ठोक, ठोक! हवं तेवढं ठोक!" सासू-सून दिवाणावर गुडघ्यांवर उभ्या राहिल्या होत्या, एकमेकींच्या बाह्या धरून. कमानीवरची फट भरली. सगळी घुबडं एकदम उडाली, वाळवंटावर त्यांची सावली पसरली, आणि धुक्याची भिंत पायथ्यापासून उसवत, झालर उचलावी तशी वर जाऊ लागली. खालून आधी नुसता उजेड आला. "थांबा, थांबा, आत जाऊ नका," मीरिम धापा टाकत म्हणाली. "चहा करू? चहा घेऊन मग..."

"चहा राहू दे!" बुरुल म्हणाली. या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

त्यांना किल्लीचा आवाज ऐकू आला नाही. संध्याकाळचं ऊन डोंगरावरून उतरून स्वैपाकघरात आलं होतं, चूल थंड होती, कॉलरींचा ढीग जमिनीवर कोसळला होता. तिलेक दारात उभा राहिला. दार दिवाणाच्या डावीकडे होतं. झटक्यापासून तो नेहमी वळसा घालून, आईच्या उजवीकडे येऊन मगच बोलायचा, नाहीतर ती दचकायची. आजही तो वळसा घालायला निघाला.

"बूट काढ," पडद्यावरची नजर न हलवता बुरुल म्हणाली. "सकाळीच पुसलीय फरशी. आणि ते हातात काय आणलंयस, कलिंगड? या दिवसांत? पैसे वर आलेत का तुझे?"

तिलेक एक पाय उचललेला तसाच राहिला. त्याच्या काखेत खरंच कलिंगड होतं. त्यानं बायकोकडे बघितलं. बायको ओठ दाबून, डोळे पुसत, मान हलवत होती, हो, हो. त्यानं बूट काढला. दुसरा काढायचं विसरला. "आपा," तो म्हणाला, "मावशीचा फोन होता. गाडी..."

"तिला सांग, उन्हाळ्यात येईन. घोडीचं दूध निघायला लागलं की. मिनीबसनं येईन, एकटी, आणि परत येईन. खोली चुलीजवळची नको म्हणावं, मला उकडतं." तिनं श्वास घेतला. "आता बोलू नकोस. बस तिथं. आणि जेवायला तुला काही नाहीये, ते कलिंगड काप."

तिलेक बसला. एका पायात बूट, मांडीवर कलिंगड. पडद्यावर धुकं पुरतं उठलं होतं. पलीकडे असं काही होतं जे या घरात कुणी बघितलं नव्हतं: लांबवर पिवळं गवत, त्यात पाण्याचे तुकडे, आणि गवताच्या शेवटी चमकणारं काहीतरी, समुद्र असेल किंवा मीठ असेल. घोड्यांचा एक कळप मान वर करून त्यांच्याकडे बघत उभा होता. "त्या घोडीचे कान चुकलेत," बुरुल म्हणाली, "ज्यानं काढली त्यानं घोडी बघितली नाहीये," आणि तिनं प्रवाशाला कमानीखालून आत नेलं. मग कंट्रोलर मीरिमच्या हातात दिला.

"मी?"

"तू लग्नाआधीपासून थांबलीयस. चालव."

मीरिमनं कंट्रोलर घेतला.  कुठंही रस्ता नव्हता. "आपा, आता कुठं जायचं?"

"मला काय माहीत!" बुरुल म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं हसली की घोडे उधळले.